स्लॉट कारच्या लाकडी ट्रॅकसाठी राउटर कोणता? आधी बिट ठरवा

आर्वीकडच्या एका गावातून एका भाऊंनी विचारलंय. मुलासाठी १:३२ मापाच्या स्लॉट कारचा, बारा बाय चार फुटांचा, दोन लेनचा लाकडी ट्रॅक घरीच करायचा आहे. गावातला सुतार म्हणतो मोठा राउटर (लाकडात खाच मारायचं हातातलं मशीन) घ्या, पुढेही कामी येईल. व्हिडिओवाले म्हणतात छोटा ट्रिमर, म्हणजे लहान राउटर, पुरतो. पुतण्या म्हणतो कशाला डोकेफोड, नागपूरला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) कापून आणू. घरात जुन्या सागवानी फळ्या पडून आहेत, त्या चालतील का? राउटरला लावायचं कापणारं बिट कोणतं? राउटर आणि बिट मिळून बजेट सहा-सात हजार.

आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं फर्निचरचं काम आहे. देवघरं, दारं, किचनचे शटर. राउटर रोज हातात असतो. स्लॉट कारचे ट्रॅक मात्र आजवर तीनच केले, आणि त्यातला पहिला सध्या गोठ्यात ढेपेच्या पोत्यांखाली आहे. खाली जे लिहितोय त्यातलं बरंचसं त्या पहिल्यानंच शिकवलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गाडीच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक पातळ पाकळी असते, तिला गाइड म्हणतात. ती ट्रॅकमधल्या झिरीत फिरते. झिरीच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यातून साधारण १२ व्होल्ट डीसी गाडीच्या मोटरला मिळतं. हातातल्या कंट्रोलरनं वेग कमीजास्त करायचा, स्टिअरिंग नाही. स्कॅलेक्सट्रिक या ब्रँडचे सेट १९५७ पासून मिळतात. पण प्लॅस्टिकच्या ट्रॅकला तुकड्यागणिक सांधा असतो आणि गाडी सांध्यावर टकटक करते. लाकडी ट्रॅक अखंड असतो, म्हणून लोक त्याच्या मागे लागतात. आमचे पोट्टे त्याला सरळ 'पट'च म्हणतात. घड्याळ लावून सेकंद मोजायची खोड त्यांना तळेगाव दशासरच्या शंकरपटापासून लागलेली.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही राउटर कोणता असं विचारलंत, पण खरी अडचण राउटरची नाही. तुम्हाला पंचवीस-तीस फूट लांबीची, सव्वातीन मिलिमीटर रुंदीची, आठेक मिलिमीटर खोलीची झिरी मारायची आहे, तीही वळणावळणाची, आणि ती कुठेही अर्धा मिलिमीटरसुद्धा डगमगली नाही पाहिजे. लाकूड किती कापायचं म्हणाल तर काहीच नाही. माझा सर्वात लहान ट्रिमरही ते झोपेत कापेल. अवघड आहे ते इतकं बारीक बिट न मोडता, न हलता, ठरलेल्या रेषेवर चालवणं. म्हणून निवड उलट्या टोकापासून करायची. आधी बिट, मग ते बिट घट्ट धरणारा कोलेट, मग खालचा बेस (राउटर ज्यावर टेकून सरकतो ती प्लेट), आणि सगळ्यात शेवटी वॅट.

बिटपासून सुरू करू. लाकडी ट्रॅकसाठी झिरीचं रूढ माप पाव इंचाच्या निम्मं, म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी. दुकानात ३ मिमीचं स्ट्रेट बिटही मिळतं आणि दुकानदार 'एकच आहे हो' म्हणून तेच हातात देतो. एकच नाही. झिरीच्या आत रंगाचे दोन हात बसले की ती दोन्ही बाजूंनी थोडी आवळते, आणि आपल्याकडे श्रावणात बोर्ड फुगला की आणखी थोडी. ३ मिमीनं सुरुवात केली तर दिवाळीला मस्त पळणारी गाडी पोळ्याला अडखळते. तुमच्याकडच्या गाडीचा गाइड व्हर्नियरनं (मिलिमीटरचे अंश दाखवणाऱ्या मापानं) मोजा. रंग वाळल्यावर गाइड झिरीत सैल फिरला पाहिजे, पण डावी-उजवीकडे लडबडला नाही पाहिजे.

बिट कशाचं? हायस्पीड स्टीलचं घेऊ नका. ट्रॅक एमडीएफचा करायचा, का ते पुढे येईल. या दाबून केलेल्या बोर्डात लाकडाच्या तंतूंसोबत रेझिनचा गोंद असतो, तो धार खाऊन टाकतो. दहा-पंधरा फुटांत बिट बोथट होऊन कापायच्या ऐवजी घासायला लागतं, कडा तपकिरी पडतात आणि जळका वास येतो. इतक्या बारीक मापात कार्बाइडची टिकली जोडलेलं बिट आणि अख्ख्या कार्बाइडचं बिट असे दोन प्रकार मिळतात. मी अख्खं कार्बाइड वापरतो. ते धार लवकर सोडत नाही. पण ते काचेसारखं असतं, आडवा हिसका बसला की कडकन तुटतं, वाकत वगैरे नाही. म्हणून एक नाही, तीन घ्या. एक सरावात तुटेल, एक कामाला, एक डब्यात. डब्यातलं असलं की हात थरथरत नाही.

हिशोब करून पाहा. तुमच्या मापात एक लेन साधारण २८ फूट बसेल. दोन लेन ५६ फूट. आठ मिमी खोली एका दमात घ्यायची नाही, बिटच्या जाडीइतकीच एका वेळी उतरायचं, म्हणजे तीन फेऱ्या. झाले १६८ फूट. एक चांगलं कार्बाइड बिट एवढं आरामात ओढतं. म्हणजे बिटवर खर्च फार नाही, पण तो चुकीच्या जागी वाचवू नका.

सरळ धारेचं की पिळाचं, हा पुढचा प्रश्न. वर पिळणारं बिट भुसा झिरीतून बाहेर फेकतं, त्यामुळे बिट थंड राहतं, पण वरच्या कडेचे तंतू थोडे उसवतात. खाली पिळणारं बिट कड एकदम स्वच्छ देतं, पण भुसा झिरीतच ठासतं. तांब्याची पट्टी झिरीच्या कडेलाच बसणार असल्यामुळे कड महत्त्वाची. माझी पद्धत अशी की पहिली फेरी खाली पिळणाऱ्या बिटनं, जेमतेम दीड-दोन मिमी खोल, आणि उरलेली खोली वर पिळणाऱ्यानं. दोन्ही नसतील तर दोन धारांचं साधं स्ट्रेट बिट घ्या, कडेवरून नंतर १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून एकदा फिरवा. काम होतं. लोक पिळावरून उगाच भांडतात.

आता ज्यानं माझा पहिला ट्रॅक बुडवला ते सांगतो. आपल्या बाजारात ६ मिमी शँक (बिटचा कोलेटात जाणारा दांडा) आणि पाव इंची शँक अशी दोन्ही बिटं एकाच खोक्यात पडलेली असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. फरक ०.३५ चा, डोळ्याला दिसत नाही. माझ्या ट्रिमरचा कोलेट पाव इंची होता आणि मी त्यात ६ मिमीचं, वर पिळणारं बिट आवळलं. आवळल्यासारखं वाटलंही. वर पिळणाऱ्या बिटचा स्वभाव असा की ते स्वतःला लाकडात खाली ओढून घेतं. पहिले दोन फूट झिरी बरोबर तीन मिमी खोल. मग चार, मग सहा. मला आवाज बदललेला कळला, पण रेषा सुंदर चालली होती म्हणून थांबलो नाही. वळणाच्या शेवटी राउटर बंद करून उचलला तर बोर्ड आरपार, आणि खाली आईच्या जुन्या पाटावर चंद्रकोर कोरलेली. पाट अजून आहे. चूक माझीच होती. तेव्हापासून कोणत्याही बिटचा शँक व्हर्नियरनं मोजल्याशिवाय मी कोलेटात घालत नाही. बिट पूर्ण आत घालायचं, मग दोन मिमी बाहेर ओढायचं आणि आवळायचं. बुडाला टेकवून आवळलं तर कोलेट नीट मिटत नाही.

म्हणून राउटरमध्ये पाहायची पहिली गोष्ट कोलेट. ६ मिमीचा आहे की पाव इंची, हे खोक्यावर वाचा, आणि तिथेच त्या मापाची बिटं घ्या. शक्य असेल तर दुकानातच बिट लावून मशीन चालू करायला सांगा. बिटचं टोक धूसर, जाडसर दिसलं तर ते डगमगतंय. खरी परीक्षा घरी होते. भंगार एमडीएफमध्ये फूटभर झिरी मारा आणि मोजा. ३.१७५ च्या बिटनं ३.२ च्या आसपास आली तर मशीन चांगलं. साडेतीन आली तर बेअरिंग किंवा कोलेट खराब आहे, परत करा. बिनकंपनीचे दोन-अडीच हजारांचे ट्रिमर मी वापरून पाहिलेत. काही छान निघतात, काही पहिल्याच दिवशी साडेतीन देतात. ते तुमच्या नशिबावर. बॉश, मकिता वगैरेंचे ५००-६०० वॅटचे ट्रिमर थोडे महाग, पण कोलेटचा भरवसा जास्त आणि कार्बन ब्रश तालुक्यात मिळतात. तुमच्या बजेटात तोच बसेल.

सुतारभाऊंचा मोठा राउटर? त्यांच्या कामासाठी ते बरोबरच सांगतात. चौकटीला गोलाई मारायची, दाराला डिझाइन काढायचं, तर १२ मिमी कोलेटचं पाच-सहा किलोचं धूड हवंच. माझ्याकडेही आहे. पण त्यात ३ मिमीचं बिट लावायला मधे स्लीव्ह घालावी लागते, स्लीव्हनं डगमग वाढते, एवढ्या वजनाला वळणावर थोपवताना मनगटातून जो हिसका बसतो तो त्या बारीक बिटला पुरतो. शिवाय बिट दिसतच नाही. पुढे फर्निचर करणार असाल तर मोठा जरूर घ्या, पण या ट्रॅकसाठी नको.

वेग कमीजास्त करायची सोय असेल तर बरं, नसेल तरी अडत नाही. इतक्या बारीक बिटला मिनिटाला २५-३० हजार फेरे चालतात. अडतं ते व्होल्टेजचं. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी मीटरवर १८० दिसतं आणि राउटर रडायला लागतो. फेरे पडले की बिट लाकूड कापत नाही, ढकलतं, आणि मग तुटतं. म्हणून झिरीचं काम सकाळी करा. लांब, बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर चालवू नका, दीड स्क्वेअर मिमीची वायर तरी असू द्या. साध्या इन्व्हर्टरवर तर नकोच.

यापुढचं जे आहे, ते दुकानदार सांगत नाही. बहुतेक ट्रिमरचा बेस चौकोनी असतो. राउटर रेषेवर राहावा म्हणून बोर्डावर पट्टी ठोकतात, ती सरळ असेल तर तिला टेकवून चालवायला तो उत्तम. पण वक्र पट्टीला चौकोनी बेस टेकवला की बाहेरच्या वळणाला त्याचा मध्य टेकतो आणि आतल्या वळणाला दोन कोपरे. पट्टीपासून बिटचं अंतर प्रत्येक वळणावर वेगळं, मग झिरी पट्टीसारखी येणार कशी? यावर उपाय म्हणजे गोल बेस. फ्लेक्स-बोर्डवाल्याकडे ६ मिमी ॲक्रिलिकचे तुकडे मिळतात. राउटरचा मूळ बेस काढून त्याची भोकं त्यावर मारा, स्क्रू डोकं बुडेल असे बसवा, मग बिट खाली सोडून ॲक्रिलिकला मधोमध भोक पाडा. आता राउटर काढून त्या भोकात खिळा घाला आणि खिळ्याभोवती फिरवत कडा गोल घासून घ्या. गोलाचा मध्य आपोआप बिटवरच येतो. मग राउटर कसाही फिरला तरी अंतर तेच. तुमच्या ट्रिमरला कंपनीचा गोल बेस असेल तरी तो बिटच्या मध्यावर असेलच असं धरू नका. मध्यावर नसेल तर बेसच्या कडेवर मार्करनं एक खूण करा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच खूण पट्टीला टेकलेली ठेवा.

पट्टी कशाची, यात मी बरेच पैसे आणि हौस घालवली. आपल्याकडे बांबू मुबलक, म्हणून पहिल्यांदा बांबूची कमटी वापरली. वाकते काय सुरेख! पण प्रत्येक पेराला गाठ असते, कितीही तासली तरी ती किंचित उभी राहते, आणि राउटर इमानदार, तो गाठ तशीच्या तशी झिरीत उतरवतो. गाडी त्या जागी दर फेरीला मान हलवायची. सागाची बारीक पट्टी सरळ रेषांची मिळाली तर चालते, पण घट्ट वळणाला तडकते. सध्या मी किचनच्या कामातून उरलेल्या १२ मिमी पीव्हीसी बोर्डाच्या १० मिमी रुंद पट्ट्या फाडून ठेवतो. हव्या तशा वाकतात, गाठ नाही. दर तीन-चार इंचांवर बारीक चुका (छोटे खिळे) ठोकायच्या, भोकं नंतर पुट्टीनं भरतात. चुका ठोकून झाल्या की पट्टीवरून डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेली कोपरी बोटाला कळते.

राउटर पट्टीच्या कोणत्या बाजूनं चालवायचा, हे पण ऐका. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या दिशेनं फिरतं, म्हणून पुढे ढकलताना राउटर डावीकडे ओढ घेतो. पट्टी तुमच्या डाव्या हाताला ठेवा, म्हणजे तो स्वतःच पट्टीला चिकटून चालेल. पट्टी उजवीकडे असली तर तो पळून जायला पाहतो, आणि एकदा पळाला की झिरीला फाटा फुटतो.

दुसऱ्या लेनसाठी पुन्हा पट्टी ठोकायची गरज नाही. ॲक्रिलिकचा एक लांबट बेस करा आणि बिटपासून ९० मिमीवर ३ मिमी ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे तुकडे करून दोन पिना बसवा, एकमेकींपासून तीनेक सेंटिमीटर अंतरावर. पिना पहिल्या झिरीत चालतात, बिट दुसरी झिरी मारतं. दोन पिना यासाठी की एकच असली तर राउटर तिच्याभोवती तिरका होतो आणि वळणावर लेन एकमेकींच्या जवळ येतात. अर्थात पहिल्या झिरीतली चूक दुसरीत जशीच्या तशी उतरते. म्हणून सगळा जीव पहिल्या लेनवर ओता. ट्रिमरला खाली दाबायची सोय नसेल तर सुरुवातीच्या जागी आधी साडेतीन मिमीचं भोक पाडून घ्या आणि बिट त्यात बसवूनच मशीन चालू करा.

सागाच्या फळ्या नका वापरू. साग चांगला आहे म्हणूनच नका वापरू, त्याचं देवघर करा. फळीत रेषा असतात, रेषेच्या आडवं आणि उभं बिट वेगळं चालतं, आणि सांध्याला फळ्या ऋतूप्रमाणे वरखाली होतात. एमडीएफला रेषा नाही, सगळ्या दिशांना सारखं कापतं. बारा फुटांना आठ बाय चारचं दीड शीट लागेल. सांधा वळणावर नाही, सरळ भागात येऊ द्या. खालून पट्टी मारून दोन्ही शीट आधी जोडा, मगच झिरी मारा. १२ मिमीच्या बोर्डातून आठ गेले की चारच उरतात, तेव्हा खाली चौकट दाट हवी. ट्रॅक सपाटच ठेवणार असाल तर १८ मिमी घ्या. चढउतार हवा असेल तरच १२, कारण ते वाकतं. एचडीएचएमआर हा एमडीएफसारखाच पण जास्त दाट बोर्ड ओलाव्याला जास्त टिकतो, पण बिट लवकर खातो आणि महाग पडतो. छपराखाली कोरड्या खोलीत ठेवणार असाल तर साध्या एमडीएफला झिरीच्या आतपर्यंत ऑइल पेंटचा पातळ हात द्या. आइस्क्रीमच्या काडीला चिंधी गुंडाळून तो छान जातो. पाण्याचा प्रायमर झिरीत नको, तंतू फुगून उभे राहतात.

तांब्याच्या पट्टीबद्दल एवढंच की चिकटणारी ६ मिमी टेप लावणार असाल तर आणखी कुठलं बिट लागत नाही. विणलेली तांब्याची पट्टी बसवायची असेल तर तिला अर्ध्या मिमीची उथळ खाचही लागते, म्हणजे १६ मिमीचं आणखी एक बिट. पहिल्या ट्रॅकला टेपच लावा. आणि दोन्ही प्रकारांत गाडीखालचं चुंबक काही कामाचं नाही, तांबं चुंबकाला धरत नाही. पोट्ट्यांना वळणावर वेग कमी करायला शिकावं लागेल.

पुतण्याच्या सीएनसीबद्दल. जाळी-दारं कापणारे सीएनसीवाले आता तालुक्यालाही आहेत. तुमच्याकडे कॉम्प्युटरवर काढलेलं नेमकं ड्रॉइंग असेल आणि शीट नेण्या-आणण्याला गाडी असेल, तर झिरी त्यांचीच सरस येईल, हे मी राउटरवाला असून कबूल करतो. पण बारा फूट त्यांच्या टेबलावर एका वेळी मावत नाही, दोन तुकड्यांच्या झिऱ्या जुळवायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. ट्रॅक एकच करायचा आणि नंतर राउटर कपाटात जाणार असेल तर सीएनसी. मुलासोबत बसून करायचा असेल तर ट्रिमर.

काम अंगणात करा, घरात नाही. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात गोंदाची धूळ असते, तोंडाला गमछा पुरत नाही, मास्क लावा. डोळ्यांना चष्मा हवाच, तुटलेलं कार्बाइड कुठे उडेल सांगता येत नाही. बिट बदलताना स्विच बंद करून भागत नाही, पिन काढा. मुलगा जवळ असणार म्हणून मुद्दाम सांगतो.

हातात दोन गोष्टी आल्या की कळवा. तुमच्या गाडीच्या गाइडची जाडी आणि खोली व्हर्नियरनं मोजलेली, आणि घेतलेल्या ट्रिमरच्या कोलेटचं माप. गाइड आठ मिमीपेक्षा उथळ असेल तर झिरी सहा-सातवर थांबवू.